सहलीचा मुक्काम साताऱ्यात असावा

थंडी पडू लागली की वसतिगृहात सहलीची कुजबुज सुरू होते आणि पहिले नाव निघते ते महाबळेश्वरचे. त्याला आमचा विरोध नाही. डोंगर, धुके आणि स्ट्रॉबेरी यांची ओढ मुलांना नसावी तर कोणाला असावी? आमचा आक्षेप आहे तो सहलीच्या ठरलेल्या आखणीला. पहाटे गाडी साताऱ्यावरून पुढे जाते, तेव्हा मुले गाढ झोपेत असतात. जाग येते ती पसरणीच्या घाटात, वळणांनी पोट ढवळल्यावर. मग दिवसभर एका पॉइंटवरून दुसऱ्या पॉइंटवर धावपळ, संध्याकाळी बाजारात चपला आणि चणे, आणि परतीचा प्रवास. तीन दिवसांच्या सहलीतला मोठा भाग गाडीच्या खिडकीशीच सरतो.

हा क्रम उलटा करावा, असे आम्ही सुचवतो. दोन्ही रात्रींचा मुक्काम साताऱ्यात असावा आणि वाई, पाचगणी, महाबळेश्वर यांसाठी मधला एक दिवस राखावा.

अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले हे शहर मराठ्यांची राजधानी होते, एवढे पाठ्यपुस्तकात असतेच. आपल्या मुलांना तिथे आणखी काही सापडेल. 7 नोव्हेंबर 1900 रोजी राजवाड्यातील सरकारी इंग्रजी शाळेत भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव दाखल झाले; रजिस्टरमधील क्रमांक 1914. तीच आजची छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल. शासनाने या तारखेला विद्यार्थी दिवस जाहीर केला आहे. माता भीमाबाईंची समाधीही याच शहरात आहे. नेमक्या 7 नोव्हेंबरलाच जाण्याचा आग्रह मात्र नको. त्या दिवशी तिथे गर्दी असते, शिवाय एखाद्या वर्षी आपली मुले दिवाळीच्या सुटीत घरी असतात. महिनाअखेर अधिक सोयीची.

याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालवले. मुलांच्या पोटापाण्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. रोज एका पंगतीला जेवणाऱ्या आपल्या मुलांना ती पंगत सहज मिळालेली वाटते. एके काळी ती मांडण्यासाठी किती झीज सोसावी लागली, हे त्यांना साताऱ्यात उभे राहून सांगता येईल.

सर्वांत मोलाचे ठिकाण मात्र शहरात नाही. ते आहे पुणे–मिरज लोहमार्गावरचे मसूर स्थानक. 1901 च्या उन्हाळी सुटीत भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि भाचे गोरेगावी नोकरीस असलेल्या वडिलांकडे निघाले. तीही मुलांची सहलच होती: नवे कपडे, जरीच्या टोप्या, आगगाडीत बसण्याचा आनंद. साताऱ्याजवळच्या पाडळी स्थानकात गाडी पकडून ती मसूरला उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. जात कळताच गाडीवान त्यांना नेईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन बैल मुलांनीच हाकायचे आणि गाडीवानाने शेजारून चालायचे, असे ठरले. रात्र झाली, जवळ जेवण होते, पण पिण्यास पाणी मिळेना. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. वर्गात ती अनेकदा वाचली जाते. तेवढ्याच वयाच्या मुलांनी मसूरच्या फलाटावर बसून ती ऐकावी, असे आम्हांला मनापासून वाटते. तिथे पाहण्यासारखे काही नाही, अशी तक्रार एखादा शिक्षक करील, तरीही जावे.

आता डोंगराचा दिवस. वाईला कृष्णेचे घाट पाहावेत आणि वेळ काढून लोहारे गावाजवळची बौद्ध लेणी पाहावीत. हमरस्त्यावरून जाणाऱ्या सहलींना त्यांचा पत्ताही नसतो. पाचगणीला टेबललँडवर मुलांना तासभर मोकळे सोडावे. आणि त्या गावातल्या निवासी शाळा, निदान बाहेरून तरी, दाखवाव्यात. वसतिगृहात राहणे म्हणजे घरची ओढग्रस्त, असा समज घेऊन आपल्याकडची कित्येक मुले पहिले वर्ष मान खाली घालून काढतात. इथे मोठमोठ्या घरची मुले भरघोस शुल्क भरून वसतिगृहात राहतात, हे त्यांना कळू द्यावे. महाबळेश्वरला दोनच पॉइंट पुरेत. 1828 च्या सुमारास इंग्रजांनी हवा खाण्यासाठी वसवलेल्या या गावाला गव्हर्नर माल्कमच्या नावावरून माल्कम पेठ म्हणत, हे जाता जाता सांगावे.

राहिला पैशांचा प्रश्न, आणि तो सर्वांत नाजूक आहे. वर्गणी जाहीर झाली की काही मुलांना अचानक सहलीचा कंटाळा येतो. कोणाची आजी आजारी पडते. त्या मुलांची समजूत घालत बसण्यापेक्षा वर्गणीच कमी करावी. मुक्काम एकाच ठिकाणी असला की खर्च आटोक्यात येतो, आणि शालेय सहलींना एस.टी. सवलतीत गाडी देते. उरलेली तूट माजी विद्यार्थ्यांनी भरून काढावी. परंतु ती एकत्रित निधीत, अमक्याने तमक्याचे पैसे भरले अशी नोंद न ठेवता. कोणी किती दिले याची यादी फळ्यावर लागता कामा नये. एकही मूल पैशांअभावी मागे राहत असेल, तर महाबळेश्वर गाळावे आणि सर्वांना घेऊन साताऱ्यालाच जावे.

मसूरला थांबणाऱ्या पॅसेंजरच्या वेळा मात्र आधी विचारून ठेवाव्यात, आणि पाण्याच्या बाटल्या प्रत्येकाजवळ भरलेल्या असाव्यात.