आडातच नाही, तर शेल्टन काय आणि केली काय

मा. श्री. बॉब नटिंग, मालक, पिट्सबर्ग पायरेट्स
आणि
मा. श्री. बेन चेरिंग्टन, जनरल मॅनेजर



२०२५चा हंगाम संपला. १६२ सामने, ७१ विजय, ९१ पराभव आणि विभागात शेवटचा क्रमांक. मे महिन्यात तुम्ही मॅनेजर डेरेक शेल्टन यांना घरी पाठवले, तेव्हा शहरातल्या बऱ्याच जणांना बरे वाटले होते. निदान काहीतरी हलले, अशी भावना होती. आता त्या निर्णयाचा हिशेब मांडायला हवा, कारण पुढच्या मे महिन्यात संघ पुन्हा गटांगळ्या खाऊ लागला तर तोच उपाय पुन्हा पुढे येईल, अशी मला धास्ती आहे.

शेल्टन यांची बाजू भक्कम नव्हती, हे मान्य. सहा हंगामांत ३०६ विजय आणि ४४० पराभव. २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षे पराभवांनी शंभरी गाठली. ८ मे रोजी त्यांना निरोप दिला, तेव्हा संघाने ३८पैकी १२ सामने जिंकले होते आणि सलग सात गमावले होते. त्यांची नोकरी जाणे हा अन्याय होता असे मी म्हणणार नाही. पण त्यांच्या जागी डॉन केली आले. याच परिसरात वाढलेले, खेळाडूंना आवडणारे, शहाणे गृहस्थ. त्यांच्या हाताखाली संघ ५९ जिंकला, ६५ हरला. हेच प्रमाण पूर्ण हंगामाला लावून पाहिले तर ७७ विजय होतात. शेल्टन यांच्या संघाने २०२३ मध्ये ७६ सामने जिंकले होते आणि २०२४ मध्येही ७६च. एवढी उलथापालथ करून आपण एका सामन्याने पुढे सरकलो!

हे पत्र मराठीतून वाचणाऱ्यांपैकी काहींना बेसबॉल नवा असेल, म्हणून सांगतो. इथला मॅनेजर म्हणजे क्रिकेटमधला प्रशिक्षक आणि कर्णधार यांचे मिश्रण. फलंदाजीचा क्रम तो ठरवतो, पिचर कधी बदलायचा हे तो ठरवतो, दमलेल्याला विश्रांती तो देतो. मात्र संघात कोण असावे हे तो ठरवत नाही. ते काम जनरल मॅनेजरचे, आणि त्यासाठी किती पैसे मोडायचे हे मालकाचे. मॅनेजरला जे ताटात वाढले जाते, तेच तो जेवणार.

आणि ताटात काय होते? या हंगामात तीस संघांपैकी सर्वांत कमी धावा आपल्या संघाच्या. सर्वांत कमी होम रनही आपल्याच.

१८ मेचा फिलाडेल्फियातला सामना आठवून पाहा. शेल्टन यांना जाऊन दहा दिवस झाले होते. आपला पिचर पॉल स्कीन्स याने अख्खा सामना एकट्याने टाकला. हल्ली हे दृश्य दुर्मीळ झाले आहे. पाचव्या-सहाव्या डावानंतर पिचर बदलतातच. स्कीन्स मात्र थांबला नाही. त्याने आठ डाव टाकले. नववा टाकायची वेळच आली नाही, कारण तोवर यजमान संघ पुढे होता. त्या आठ डावांत त्याने दिलेली धाव एकच. सामना आपण १-० असा हरलो. पराभवाची नोंद त्याच्या नावावर झाली. असे वर्षभर होत राहिले. दर नऊ डावांमागे १.९७ धावा, म्हणजे दोन्ही लीगमध्ये मिळून सर्वोत्तम कामगिरी, आणि तरी त्याच्या नावापुढे दहा विजय, दहा पराभव. त्या दिवशी डगआउटमध्ये शेल्टन असते, केली असते किंवा या खेळातला आजवरचा सर्वांत चतुर मॅनेजर असता, तरी शून्य धावांत कोणी सामना जिंकून दाखवला असता?

खरे तर हा धडा याच शहराने एकदा गिरवलेला आहे. मॅनेजर जिम लेलँड यांनी पायरेट्सला १९९०, १९९१ आणि १९९२ असे सलग तीन वर्षे विभागाचे विजेतेपद मिळवून दिले. १९९२ नंतर संघाचा हुकमी फलंदाज बॅरी बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला गेला. तेच लेलँड पुढचे चारही हंगाम हरत राहिले. १९९६ अखेर ते फ्लोरिडा मार्लिन्सकडे गेले. तिथल्या मालकाने थैली सैल सोडली होती आणि पहिल्याच वर्षी, १९९७ मध्ये, ते जगज्जेते झाले. लगेच त्या मालकाने चांगले खेळाडू विकून टाकले. १९९८ मध्ये तेच लेलँड, तोच संघ, आणि पराभव किती? १०८. एका वर्षात त्या माणसाचे डोके फिरले नव्हते की त्याला खेळ कळेनासा झाला नव्हता. आज ते हॉल ऑफ फेममध्ये आहेत.

इकडे आपल्याकडे १९९३ ते २०१२ अशी वीस वर्षे पराभवाची गेली. मॅनेजर म्हणून लमाँट आले, मॅक्लेंडन आले, ट्रेसी आले, रसेल आले. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! त्यातली बरीच वर्षे तुमच्या मालकीच्या आधीची आहेत, त्याचा दोष तुमच्या माथी मारणार नाही. उलट क्लिंट हर्डल यांना पहिले दोन हंगाम अपयश येऊनही तुम्ही सांभाळून घेतले, त्याचे फळ २०१३ ते २०१५ अशी तीन वर्षे शहराने चाखले. ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच बोलतो आहे.

मॅनेजर बदलून काहीच होत नाही, असा माझा दावा नाही. २०२२ मध्ये फिलाडेल्फियाने २२-२९ अशा अवस्थेत जो जिरार्डी यांना काढले, रॉब थॉमसन यांना आणले आणि तो संघ थेट वर्ल्ड सीरिजमध्ये, म्हणजे अंतिम फेरीत, पोहोचला. पण त्या संघात ब्राइस हार्पर होता, श्वार्बर होता, व्हीलर होता. दारूगोळा भरलेला होता, कुणीतरी काडी लावायची राहिली होती. उलट उदाहरण वॉशिंग्टनचे. २०१९ मध्ये १९-३१ अशी सुरुवात झाल्यावर डेव्ह मार्टिनेझ यांना हाकला म्हणून ओरड झाली. मालकांनी ऐकले नाही आणि त्याच ऑक्टोबरात तो संघ विजेता ठरला. दोन्हीकडे निर्णय योग्य होता, कारण संघात माल आहे हे मालकांना पक्के ठाऊक होते.

तुम्ही म्हणाल, पिट्सबर्ग म्हणजे न्यूयॉर्क नव्हे. बरोबर. पण मग मिलवॉकीकडे बघा. आपल्याच विभागातला संघ, शहराचा परिसर आपल्याहून लहान. त्यांचे नावाजलेले मॅनेजर क्रेग काउन्सेल २०२३ नंतर शेजारच्या शिकागो कब्सकडे निघून गेले. तरी मिलवॉकीने पुढची दोन्ही वर्षे विभाग जिंकला आणि २०२५ मध्ये ९७ विजय मिळवले, साऱ्या बेसबॉलमध्ये सर्वाधिक. पैसा नसेल तर निदान नजर हवी, खेळाडू हेरण्याची आणि घडवण्याची. चेरिंग्टन साहेब, हे खाते तुमचे आहे. २०१९पासून तुम्ही त्या खुर्चीत आहात. २०२१ आणि २०२३ असे दोनदा देशभरातला पहिला खेळाडू निवडण्याचा मान आपल्याला मिळाला. सहा वर्षांत एक दमदार फलंदाजी उभी राहू नये? आम्हा भारतीयांना पायरेट्सचे नाव पहिल्यांदा कळले ते २००८ मध्ये, उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना क्लबने करार दिला तेव्हा. ते वरच्या पातळीवर पोहोचले नाहीत. पण जिथे कोणी पाहत नव्हते तिथे पाहण्याची उमेद त्यात होती. ती आज फलंदाजांच्या बाबतीत कुठे आहे?

नटिंग साहेब, या खेळात तळाला गेलेला संघ खालच्या श्रेणीत ढकलला जात नाही. दूरचित्रवाणीचा वाटा मिळतो, श्रीमंत संघांच्या उत्पन्नातला हिस्सा मिळतो, वर नव्या खेळाडूंच्या निवडीत प्राधान्य मिळण्याची शक्यता वाढते. म्हणजे हरण्याची झळ मालकापर्यंत पोहोचतच नाही. ती पोहोचते मॅनेजरपर्यंत आणि प्रेक्षकांपर्यंत. एप्रिलमध्ये घरच्या पहिल्याच सामन्याला लोक ‘संघ विका’ म्हणून ओरडत होते. ते शेल्टन यांच्या नावाने ओरडत नव्हते, एवढे तरी तुम्ही ऐकले असेल. महिनाभरात वड्याचे तेल वांग्यावर निघाले.

२०१५च्या डिसेंबरात जॉन जेसोशी दोन वर्षांचा करार केल्यापासून २०२५चा हंगाम संपेपर्यंत खुल्या बाजारातल्या एकाही फलंदाजाला आपण एका वर्षाहून अधिक मुदतीचा करार दिला नव्हता. ब्रायन रेनॉल्ड्स आणि मिच केलर यांना तुम्ही दीर्घ करार देऊन राखले, ते चांगले केले. पण पिचर गेरिट कोल याच मैदानावर घडला, २०१८ मध्ये आपण त्याला ह्यूस्टनला देऊन टाकले आणि २०२३ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या गणवेशात सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेतला. स्कीन्स २०२९च्या हंगामापर्यंत आपला आहे. चार हंगाम उरले.

म्हणून माझे मागणे मॅनेजरविषयी नाहीच. केली यांना राहू द्या, त्यांना पुरेसा वेळ द्या. याच हिवाळ्यात बाजारात उतरा आणि किमान दोन नाणावलेले फलंदाज अनेक वर्षांच्या करारावर आणा. स्कीन्सशी दीर्घ कराराची बोलणी सुरू करा आणि ती सुरू आहेत हे शहराला सांगा. आणि पुढच्या वर्षी सुरुवात पुन्हा वाईट झाली, तर केली यांच्या आधी तुम्ही दोघे पत्रकारांसमोर येऊन बसा आणि पैसे कुठे खर्च केले, कोणाला का निवडले, याची उत्तरे द्या. चेरिंग्टन साहेबांकडे ती नसतील, तर बदलायची खुर्ची त्यांची आहे.

कळावे,
आपला,
एक मराठी पिट्सबर्गकर