शाप, वरदान आणि एक बटण

‘विज्ञान : शाप की वरदान?’ हा निबंध शाळेत आपण सर्वांनीच लिहिला आहे. शेवटी ‘ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ असे ठोकून दिले की दहापैकी सात गुण ठरलेले! म्यानमारमधील म्यावाडीची हकीकत वाचल्यापासून मात्र त्या सात गुणांची मला लाज वाटू लागली आहे.

पूर्वी माणसे फसवून नेणाऱ्या दलालाला गावात यावे लागे. चार माणसे त्याचा चेहरा पाहत. आता तो टेलिग्रामवर येतो. ‘थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीचे काम, इंग्रजी जाणणारा पदवीधर हवा, विमानाचे तिकीट आमचे’, एवढे पुरते. बँकॉकला उतरलेल्या तरुणाला मोटारीने सरहद्दीवर नेतात, मोई नदी ओलांडायला लावतात, पासपोर्ट काढून घेतात आणि कुंपणाआड संगणकापुढे बसवतात. खोट्या नावाने, खोट्या छायाचित्राने परक्या माणसांशी गोड बोलायचे आणि त्यांना लुबाडायचे; ठरलेली रक्कम जमली नाही तर मार. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितले की, एकट्या म्यानमारमध्ये असे किमान १,२०,००० लोक अडकलेले असावेत.

इंग्रजी जाणणारा पदवीधर! म्हणजे आपणच की.

सुटकेलाही यंत्रच उपयोगी पडते, हे खरे. लपवून ठेवलेल्या फोनवरून घरी गेलेला एखादा निरोप पुरतो. या वसाहती कशा फुगत गेल्या ते उपग्रहांच्या छायाचित्रांनी जगाला दाखवले. मार्च २०२५ मध्ये आपल्या वायुदलाच्या विमानांनी साडेपाचशेच्या आसपास भारतीयांना परत आणले.

पण पुढचे ऐका. फेब्रुवारी २०२५ मध्ये थायलंडने तिकडची वीज आणि इंटरनेट तोडले. धंदा थांबला का? छे! जनरेटर धडधडू लागले आणि इंटरनेट स्टारलिंकच्या उपग्रहांवरून उतरू लागले. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्या कंपनीने या अड्ड्यांच्या परिसरातील २,५०० हून अधिक संच बंद केल्याचे जाहीर केले. म्हणजे बटण होते, आणि ते कंपनीच्याच हातात होते. मग मधले आठ महिने? ‘वापरणाऱ्यावर अवलंबून’ या वाक्याने आपण विकणाऱ्याला सहीसलामत सोडून देतो, ते असे.

गेल्या महिन्यात आमच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही अशीच एक जाहिरात आली होती. तिघांनी लगेच ‘पगार किती?’ म्हणून विचारले. कंपनी कोणती, हे कोणीच विचारले नाही. मीही नाही.