घरकुल आलं, सांदवाडी गेली

परवा शेजारीण बाजारातून दहा रुपयांचा सांबार घेऊन आली. (पुण्याकडच्या नातेवाईकांसाठी : सांबार म्हणजे कोथिंबीर.) ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः सासू झाली आहे. मी सहज म्हटलं, "विकत आणलास?" ती हसून म्हणाली, "गुरुजी, तुम्हीच तं सांगतलं होतं, सिमेंट टाक म्हणून."

ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

तिचं जुनं घर मातीचं, कवेलूचं. मागे सांदवाडी. कवेलूवर दोडक्याचा वेल, कुंपणाला वाल, न्हाणीच्या पाण्यावर कोचई आणि दोन केळी, कोपऱ्यात मुनगा, मिरचीची झाडं, चार कोंबड्या. शेत नाही. नवराबायको दुसऱ्यांच्या बांध्यांत रोवणी करतात.

मग घरकुल मंजूर झालं. इंदिरा आवास योजनेत 20 चौरस मीटरचं घर असे, 2016 साली प्रधानमंत्री आवास योजना आली तेव्हा ते 25 झालं. म्हणजे साधारण 269 चौरस फूट. पैसा बांधकाम चढेल तसा हप्त्याहप्त्याने, फोटो काढून. आता जुनं घर आधी पाडलं तर तोवर राहायचं कुठे? म्हणून नवं घर सांदवाडीत उभं राहतं. आमच्या गावात कितीतरी घरांचं असंच झालं. यात लबाडी कोणाचीच नाही.

पुढे जुनं घर पावसात बसलं. जागा मोकळी झाली. तिने मला विचारलं, काय करू? मी शहाणा! म्हटलं, सिमेंट टाक, चिखल होणार नाही, धान वाळवता येईल. तिने बचत गटाचं कर्ज काढून टाकलं. पडक्या भिंतींची पांढरी माती माझे वडील बंडीत भरून शेतात नेत. तीच माती मी सिमेंटखाली दाबायला सांगितली.

ज्याला शेत आहे त्याला परसबाग हौस. ज्याला नाही त्याची तीच शेती. विलायतेत 1908 साली कायदा झाला, की लोकांनी मागणी केली तर भाजी लावायला जमिनीचे तुकडे देणं हे स्थानिक संस्थांचं काम. आपल्याकडे नवा कायदा नको. घरकुलाची आखणी करतानाच घर कुठे, भाजी कुठे, न्हाणीचं पाणी कुठे जाईल आणि जुनं घर पडल्यावर त्या जागेचं काय, एवढं घरच्या बाईला विचारून कागदावर काढावं. तासाभराचं काम आहे.

जागाच किती, असं म्हणतात. अहो, वेलाला मुळापुरती हातभर जागा लागते, वर अख्खा स्लॅब पडला आहे. वानरांचं मात्र खरं. दोडकं ठेवत नाहीत मेले. त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

रविवारी नातवाला घेऊन सब्बलीने तीन फूट रुंद, आठ फूट लांब पट्टा फोडला. खाली तीच माती, अजून भुसभुशीत. शेजारीण दारात उभी राहून रागावत होती, कारण कर्जाचे दोन हप्ते बाकी आहेत. मी म्हटलं, मी भरतो. ती नाही म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "बरं, धने आणा मंग तुमच्याकडचे."