रिव्हॉल्व्हर घेऊ का? माझं मत सांगतो



गेल्या पंधरा दिवसांत तिघांनी एकच विषय काढला. त्यातला एक तर आमच्याच भावकीतला पोरगा. भुईमूग डुकरांनी नांगरल्यासारखा उकरून टाकला, म्हणून वैतागलेला. म्हणाला, "दादा, बंदुकीपेक्षा रिव्हॉल्व्हरचाच परवाना काढतो. खिशात मावती. परवडंल अशी कुठली घेऊ ते सांग."

त्याला बांधावर उभ्या उभ्या उत्तर दिलं, पण ते अर्धवट झालं. म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

आधी मी कोण बोलतोय ते. कोल्हापूर जिल्ह्याच्या घाटमाथ्याकडची आमची शेती, निम्मी जंगलाला लागून. भात, नाचणी, भुईमूग, थोडा ऊस. घरात वडिलांच्या काळातली एकनळी बारा बोअर आहे, परवाना आता माझ्या नावावर. रिव्हॉल्व्हर माझ्याकडे नाही. पण ज्यांच्याकडे आहे असे तिघं चांगले ओळखीचे आहेत, त्यांच्याशी बोलून लिहितोय. कारखान्यांची बरीवाईट नावं घेणार नाही.

पहिली गोष्ट, 'परवडणारी' हा शब्द. 1980 च्या दशकात सरकारनं खाजगी माणसाला परदेशी हत्यार आणणं जवळजवळ बंद केलं. तेव्हापासून बाजारात आहे ते एकतर जुनं, हात बदललेलं परदेशी (त्याची किंमत ऐकून घाम फुटतो), नाहीतर आपल्याकडं बनलेलं. परवान्यावर साध्या माणसाला मिळणारी रिव्हॉल्व्हर म्हणजे मुख्यतः .32 ची. 9 एमएम, .38 ही मापं सर्वसाधारण परवान्यात बसतच नाहीत. कानपूरच्या कारखान्यानं 2014 ला 'निर्भीक' काढली, बायकांसाठी म्हणून जाहिरात झाली, वजन अर्धा किलो, आणि किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या जवळ. त्यानंतर 2023 ला 'प्रबल' आली, जिचं चक्र बाजूला उघडतं. म्हणजे इथली स्वस्तातली वस्तूसुद्धा लाखाच्या वर. अमेरिकेत अशी वस्तू माणूस महिन्याच्या पगारात घेतो, तिथल्या माणसाचं मत वाचून आपण हिशेब करायचा नाही. त्यात सप्टेंबर 2025 पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावर जीएसटी 28 वरून 40 टक्के झाला. त्याच बदलात ट्रॅक्टर आणि ठिबक-तुषार 5 टक्क्यांवर आले. सरकारनं आपला कल एवढा स्पष्ट क्वचितच सांगितला असेल!

दुसरी गोष्ट कायद्याची, आणि इथंच आमच्या पोराची गल्लत झाली. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीक संरक्षणासाठी जे लिहिलंय ते ठासणीच्या बंदुकीबद्दल आहे. ठासणीची पुरत नाही असं अधिकाऱ्याला पटलं, तर वीस इंच किंवा त्याहून लांब नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूक. रिव्हॉल्व्हर त्यात कुठंच नाही. रिव्हॉल्व्हरचा परवाना मागायचा तर स्वतःच्या जिवाला धोका आहे हे दाखवावं लागतं. 'डुकरं भुईमूग खातात' हे कारण तिथं चालत नाही. आणि बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना नव्हे, त्याला वनखात्याची परवानगी वेगळी. हे अजून निम्म्या लोकांना माहीत नाही, आणि ज्यांना माहीत आहे त्यातले निम्मे माहीत नसल्यासारखं वागतात.

समजा कायदा बाजूला ठेवला, तरी ती वस्तू त्या कामाची आहे का? .32 ची ही गोळी मूळची 1896 सालची. ताकदीला .22 रायफलच्या आसपास. रात्री बॅटरीच्या उजेडात, हात थरथरत असताना, दहा पावलांवरच्या डुकरावर ती नेम धरून लागेल ही आशा सोडा. लागली तरी पडणार नाही. जखमी डुक्कर उसात शिरलं की सकाळी पाणी पाजायला जाणाऱ्या माणसाचं काय, याचा विचार करा. आमच्याकडं एकाला मांडीला सुळा लागून टाके पडलेत, तेही डुक्कर जखमी नसताना.

आता मालकांची मतं.

पहिले आमचे नात्यातले काका, फौजेतनं निवृत्त. त्यांचं म्हणणं असं, की रिव्हॉल्व्हर भरवशाची, कारण तिच्यात अडकण्यासारखं फार काही नाही. गोळी उडाली नाही तर परत चाप ओढायचा, चक्र फिरतं, पुढची गोळी येते. पिस्तुलात गोळी अडकली तर दोन्ही हात लागतात. तक्रार एकच, चाप जड. "पैल्या गोळीचा नेम चापातच जातो" असं ते हसत म्हणतात. वर्षातनं एकदा रेंजवर जाऊन मोजक्या गोळ्या उडवून येतात. तिघांत सराव करणारा हा एकच माणूस.

दुसरा मित्र, पोल्ट्रीवाला. रात्री-अपरात्री गाडी भरून पैसे घेऊन येतो. त्यानं आजपर्यंत एक गोळी उडवलेली नाही. तरी समाधानी आहे. "मनाला धीर असतो," म्हणतो. यावर माझा त्याच्याशी कायम वाद. मी म्हणतो, धीराला लाख रुपये कशाला, पैसे ऑनलाइन घे. तो म्हणतो, व्यापारी रोखच देतो. हे त्याचं खरं आहे. त्यामुळं त्याच्या बाबतीत मी गप्प बसतो. घाटातल्या रस्त्यावर रात्री दोनला मी नसतो, तो असतो.

तिसरे एक बागायतदार, त्यांना ती विकायची आहे आणि विकता येत नाही. घेणाऱ्याकडं त्याच प्रकारचा परवाना हवा, कागद हवेत. "गाय विकायला अर्धा दिवस लागतो, हिला तिसरं वर्ष चाललंय." शिवाय त्यांनी ती पावसाळाभर चामड्याच्या म्यानात ठेवली. चामडं ओल धरतं. दसऱ्याला पूजेला काढली तर चक्रावर तांबेरा, गव्हावर पडतो तसा. दोष वस्तूचा की मालकाचा? मला विचाराल तर मालकाचा. पण आपल्याकडचा पाऊस चार महिन्यांचा आहे, आणि पंधरा दिवसांनी कापड-तेल करणारे किती निघतील ते तुम्हीच सांगा. गोळ्यांचंही तेच. ओलीत ठेवलेली, कधीची घेतली ते आठवत नाही अशी गोळी ऐन वेळी उडत नाही, आणि बोल मात्र हत्याराला.

आमच्या एकनळीचं सांगतो. तिला बिघडायला काही नाही. मोडायची, एक काडतूस घालायचं, बंद करायची. एवढ्या वर्षांत एक स्प्रिंग बदलली आणि दस्त्याला एकदा पितळी पट्टी मारली. काडतुसं पुण्याच्या खडकीत बनतात ती, शक्तिमान. पूर्वीची कागदी पावसाळ्यात फुगून नळीत बसायची नाहीत, प्लास्टिकची आल्यापासून ती कटकट गेली. पण खरं सांगू? ती बहुतेक वेळा हवेतच उडाली आहे. आवाजाला कळप पळतो, आठवडाभर येत नाही, मग परत येतो. ते काम सुतळी बॉम्बही करतो.

राखण खऱ्या अर्थानं कमी झाली ती सौर झटका मशीन बसवल्यापासून. तारेखालचं गवत दर आठवड्याला काढावं लागतं, नाहीतर गवत तारेला टेकून झटका जमिनीत जातो. तेवढं केलं तर डुक्कर थांबतं. (गवा थांबत नाही. गव्याचं वेगळं लिहीन.) रिव्हॉल्व्हरच्या पैशात आमच्यासारख्याचं रान वेढून वर पैसे उरतात.

बंदुकीच्या मोलात आणखी एक खोट आहे, जी दुकानदार सांगत नाही. निवडणूक लागली की जमा करा. 2024 ला दोनदा झालं. लोकसभेची आचारसंहिता 16 मार्चला लागली, विधानसभेची 15 ऑक्टोबरला. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला. म्हणजे भात कापणीला, नाचणी भरलेली, नेमकी तेव्हा शेतीसंरक्षणाची बंदूक ठाण्यात! सरसकट सगळ्यांची घेऊ नका, छाननी समितीनं एकेक परवाना बघावा, असं ठरलेलं आहे. प्रत्यक्षात कोतवाल निरोप घेऊन येतो आणि आपण नेऊन देतो. माझी परत मिळाली तेव्हा नळीत गंज होता. पोलिसांशी भांडण नाही, त्यांना बंदोबस्त असतो. पण ज्याच्या रानात पीक उभं आहे आणि ज्याच्यावर एकही गुन्हा नाही, त्यानं छाननीसाठी लेखी अर्ज करावा. मी पुढच्या वेळी करणार आहे. शेतकरी संघटनांनी हा मुद्दा धरावा, त्यात कुणाचं राजकारण नाही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते. एका वर्षी आमच्या घरात फार वाईट दिवस होते. कर्ज, पडलेला भाव, आणि घरातला एक माणूस बोलेनासा झालेला. रात्र रात्र ओट्यावर बसायचा. वडिलांनी कुणाला न विचारता बंदूक आणि काडतुसं उचलली आणि परवानाधारक दुकानदाराकडं पावती घेऊन ठेवून आले. तसं ठेवता येतं, रीतसर. आठ-नऊ महिने ती तिथंच होती. त्या हंगामात डुकरांनी किती खाल्लं ते आम्ही मोजलं नाही. तो माणूस आज माझ्या बरोबर पाणी पाजतो. लांब बंदूक कपाटात कुलूपबंद असते, काडतुसं दुसरीकडं, किल्ली तिसऱ्याकडं. उशाखालच्या भरलेल्या रिव्हॉल्व्हरला यातलं काहीच लागत नाही. आपल्या गावांत कुठलं घर कधी कसल्या दिवसातनं जाईल हे सांगता येत नाही, म्हणून किंमत आणि भरवसा बोलताना हेही धरतो मी.

जाता जाता एक. 'वीस हजारात गावठी मिळतो' म्हणून कुणी कानात सांगत असेल तर त्याला दारातनंच वाटेला लावा. ती नळी पुढं फुटेल की हातात, हे बनवणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि पकडलात तर जमीन वकिलाच्या नावावर.

पोराला मी सांगितलं ते असं: रिव्हॉल्व्हरचा अर्ज करू नको. एकनळी जुनी मिळाली तर बघ, पण घाई नाही. आधी झटका मशीन, महाडीबीटीवर तार कुंपणाचं काय चाललंय ते कृषी सहायकाला विचार, आणि नुकसानीचा अर्ज वनखात्याकडं आजच दे. फोटो काढून ठेव, पंचनामा होईपर्यंत रान साफ करू नको. तो जरा नाराज झाला. खिशात मावणारी वस्तू त्याला हवीच होती. पण परवा तार आणायला गडहिंग्लजला गेला होता, मला पण दोन बंडल घेऊन आला.