फुकटचा जुगार, लहान हाती

माहूरसारख्या गावात मुलांच्या हाती असतो तो बहुधा आई-वडिलांचाच मोबाइल. त्यावर तीन पत्ती, स्लॉट मशीनचे ‘फुकट’ खेळ सहज उतरवता येतात. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मात्र नुसती नकली नाणी जिंकण्याचे खेळ त्यातून सुटतात.

खरा धोका सवयीचा आहे. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की बटण पुन्हा पुन्हा दाबले जाते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले होते. ऑस्ट्रेलियाने २२ सप्टेंबर २०२४ पासून अशा नव्या खेळांना ‘केवळ प्रौढांसाठी’ हा शिक्का सक्तीचा केला.

आपल्याकडेही अ‍ॅपसोबत वयाचा आकडा दिसतो; पण ती नुसती पाटी आहे, कुलूप नव्हे. खाते मोठ्यांचे, म्हणून खेळणाराही मोठाच, असे फोन धरून चालतो. सरकारने या खेळांसाठी वयाची खातरजमा बंधनकारक करायला हवी. तोवर पालकांनी प्ले स्टोअरच्या सेटिंगमधील पालक-नियंत्रण सुरू करून पिन घालावा. खेळापायी मुलाची झोप, जेवण, अभ्यास सुटत असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.