वाघळांचं झाड

वाघळं बसली की झाड वाळतं, तेव्हा झाडच तोडा, असं औंढ्यात कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. शेंडा बोडका होतो, डहाळ्या मोडतात, हे खोटं नाही. पण बुडाशी शिटेचं खत पडतं, आणि रात्री तीच वाघळं वड, उंबर, जांभळाचं बी रानभर टाकत फिरतात. सावरीच्या फुलांवरही जातात. 1972 च्या कायद्यानं त्यांना उंदरांच्या पंगतीला बसवून उपद्रवी ठरवलं. 2023 मध्ये ती यादी गेली. आपल्या मनातली कधी जाणार? बंगल्यांच्या प्लॉटांसाठी अख्खा डोंगरउतार बोडका केला, तेव्हा नाही कुणाला झाडांची कीव आली!