आतली खोली नव्हे, पेढी

चिपळूणसारख्या बाजारपेठेच्या गावी एखादा मुलगा हिशेबात पक्का असतो. पण गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर देत नाही, गोंगाट वाढला की कान झाकतो. लोक काय म्हणतील, या धास्तीने त्याला आतल्या खोलीत बसविले जाते. हळूहळू तोही स्वतःला उणा मानू लागतो.

नसीमा हुरजूक यांना किशोरवयात कमरेखाली पक्षाघात झाला. तरी त्यांनी सरकारी नोकरी केली आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभारली. संस्थेच्या सिंधुदुर्गातील ‘स्वप्ननगरी’त अपंग व्यक्ती काजूप्रक्रियेचे काम करतात. व्यंग लपविण्यात शक्ती खर्चिली नाही, म्हणून ती कामी लागली.

२०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. स्वमग्नता व विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांत आहेत. स्वमग्नतेसह करकायद्याने मान्य केलेले अपंगत्व ४० टक्के वा अधिक असल्यास जुन्या करपद्धतीत ७५,००० रुपयांची, ८० टक्क्यांपासून १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. लाजेपोटी प्रमाणपत्र न काढणे म्हणजे आपले येणे आपणच बुडविणे होय.

स्वीकार रोजच्या वागण्यात दिसावा. ठरलेली वेळ, शांत कोपरा, त्याच्याकडेच सोपविलेली एखादी वही, आणि घरचेच काम म्हणून न टाळता महिन्याचा मेहनताना त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात. पासबुकावर आपले नाव वाचणारा मुलगा स्वतःला ओझे समजत नाही.